निघालेत, येतीलच

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी बटणं बडवतो, मग दार बडवतो, मग देवाचा धावा करतो, आणि सगळं करून झालं की त्याला पाटीवरचा फोन नंबर दिसतो. हा नंबर कंपनीचा असणार असं कुणालाही वाटेल. कसला कंपनीचा! तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या घरचा होता. ऑफिसात फोन घ्यायला माणूस ठेवायचा म्हणजे त्याला पगार द्या, खुर्ची द्या, डोक्यावर पंखा द्या. त्यापेक्षा मिस्त्रीच्याच घरचा नंबर छापून टाकू, अशी कल्पना साहेबांच्या सुपीक डोक्यात आली आणि कंपनीच्या प्रत्येक लिफ्टमध्ये ती पाटी लागली. मिस्त्रीला विचारलं होतं का? विचारायचं कशाला? पाट्या ठोकायला त्यालाच पाठवलं, तेव्हा त्याला कळलंच.

मिस्त्री दिवसभर कुठल्या ना कुठल्या लिफ्टच्या टपावर, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. घरचा फोन घ्यायची त्याची बायको. साहेब तिला वहिनी म्हणायचे, त्यांचं ऐकून इमारतींचे वॉचमनही वहिनी म्हणायला लागले, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनी घरी शिवणकाम करायची. पँट आखूड कर, चेन बदल, कंबर उसवून सैल कर, असली कामं. फोन शिलाई मशीनच्या शेजारीच असायचा.

"घाबरू नका. मी मिस्त्रींच्या घरून बोलतेय. ते निघालेत, येतीलच."

एका कानाला हा फोन आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर नवऱ्याला इमारतीचं नाव. मिस्त्री हातातलं काम टाकून पळायचा. तो पोचेपर्यंत वहिनी अडकलेल्याशी बोलत बसायची. खाली बसा, दाराला हात लावू नका, हवा आत येत असते, गुदमरत नाही कुणी. रडणाऱ्या बायकांना ती पोराबाळांची नावं विचारायची. एकाने तिला आईवरून शिव्या घातल्या तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दादा, शिव्या लिफ्टला घाला, मी बाहेर आहे." तो गृहस्थ सुटल्यावर मिठाईचा पुडा घेऊन घरी आला होता. कंपनीकडून मात्र इतक्या वर्षांत साधा कागदी पुडासुद्धा आला नाही. तिच्या कामाला तर ते लोक काम म्हणतही नव्हते. वहिनी घरीच असतात, म्हणायचे.

साहेबांचं घरातलं नाव होतं 'मधाचं बोट'. ते नाव वहिनीनेच ठेवलं होतं, आणि चपखल होतं. पगारवाढीचा विषय निघाला की साहेब मिस्त्रीच्या खांद्यावर हात टाकायचे. "मिस्त्री, तू म्हणजे माझा उजवा हात. पुढच्या वर्षी तुला सुपरवायझर करायचंय, डोक्यात आहे माझ्या." ते त्यांच्या डोक्यातच राहिलं. सुपरवायझर झाला साहेबांचा भाचा. त्याला लिफ्टचं एवढंच माहीत की ती वर जाते आणि खालीही येते. त्याच्या सत्काराला मिस्त्रीने टाळ्या वाजवल्या, आणि घरी येऊन जेवताना साहेबांची अशी नक्कल केली, मान तिरकी, एक डोळा बारीक, "उजवा हात आहेस रे तू माझा, म्हणून तर सगळं तुला उचलायला लावतो," की वहिनीला ठसका लागला. मग दोघांनी मिळून मधाच्या बोटाला मनसोक्त नावं ठेवली. असं करूनच चाललं होतं त्यांचं. पोट भरायचं, नक्कल करायची, हसायचं आणि सकाळी परत जायचं.

"सोडा ना ही नोकरी," वहिनी म्हणायची.

"आणि त्या लिफ्टांना कोण बघणार?"

"लिफ्टा काय तुमच्या लेकी आहेत?"

"तसंच समज," मिस्त्री म्हणायचा आणि हात धुवायला उठायचा. वहिनीला हा नुसता बहाणा वाटायचा. घाबरतो बिचारा साहेबाला, दुसरं काय, असं ती मनाशी म्हणायची.

मग कंपनीतला दुसरा मिस्त्री एक दिवस चिडून सोडून गेला. साहेब म्हणाले, त्याच्या इमारती आठवडाभर सांभाळ, मी नवा माणूस बघतो. आठवड्याचे महिने झाले. नवा माणूस काही येईना. मिस्त्री घरी यायचा तो बूट काढता काढता दारातच बसून राहायचा, एक बूट पायात, एक हातात. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि मान खाली जायची. नकला बंद झाल्या. एकदा हसत हसत म्हणाला, "आज गंमत झाली. टपावर उभ्या उभ्या डोळा लागला माझा. वॉचमनने हाक मारली म्हणून, नाहीतर गेलो होतो खालीच." वहिनी हसली नाही. हा माणूस एक दिवस त्या खड्ड्यात पडणार, आणि मधाचं बोट फुलं पाठवून मोकळं होणार. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. फोन वाजला की पूर्वी तिला अडकलेल्या माणसाची दया यायची, आता नवऱ्याचीच यायला लागली.

अडकणाऱ्यांमध्ये एक नेहमीचे होते. घड्याळवाले काका. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, आता बायको गेलेली, लेक लांब. एका जुन्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. त्या लिफ्टच्या दाराचं लॉक झिजलं होतं. चालता चालता लिफ्टला वाटायचं की दार उघडंय, आणि ती दोन मजल्यांच्या मध्येच थांबायची. मिस्त्रीने साहेबांकडे नव्या लॉकसाठी इतक्यांदा तोंड वाजवलं की शेवटी त्याची त्यालाच लाज वाटायला लागली. "चालतंय ना अजून? मग चालू दे," साहेब म्हणायचे. ते अडकणार नव्हते ना!

काकांनी मात्र त्यावर आपला इलाज काढला होता. लिफ्टच्या कोपऱ्यात त्यांनी एक घडीचं स्टूल ठेवून दिलं होतं. अडकले की स्टूल उघडायचं, बसायचं आणि वहिनीला फोन लावायचा.

"पोरी, मी बसलोय गं तुझ्या पिंजऱ्यात."

"परत? काका, भाडं लावायला हवं तुम्हाला."

"लाव, लाव. जेवला का तो?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मिस्त्री जेवला का. मिस्त्रीचा साहेब, मिस्त्रीचा भाचासाहेब, मिस्त्रीचे सख्खे भाऊ, कुणी कधी विचारलं नव्हतं, ते हा लिफ्टमध्ये अडकलेला म्हातारा विचारायचा. मिस्त्री तिथे पोचला की मशीनच्या खोलीत चढायचा, ब्रेक मोकळा करून हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणून लावायचा. दार उघडलं की काका स्टूलची घडी घालत म्हणायचे, "ये बाबा, चहा घेऊन जा." आणि कितीही घाई असली तरी मिस्त्री तो चहा घ्यायचा.

त्या दिवशी मिस्त्री सकाळी घरी आला तो रात्रभर एका रुग्णालयाच्या लिफ्टवर काम करून. अंघोळसुद्धा केली नाही. पलंगावर आडवा झाला आणि झोपला, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा. वहिनीने बूट काढले, पायाखाली जुनी चादर सरकवली आणि शिलाई मशीन बंदच ठेवली, आवाज नको म्हणून. साहेबांचा फोन आला. "वहिनी, मिस्त्रीला म्हणावं जेवून लगेच नव्या टॉवरला जा, तिथे भाचा वाट बघतोय."

"झोपलेत ते. रात्रभर जागलेत."

"अहो वहिनी, झोप काय, जन्मभर आहेच!" साहेब हसले. हसले चक्क.

वहिनीने फोन ठेवला. तिने ठरवूनच टाकलं. आज नाही. आज आभाळ कोसळलं तरी या माणसाला मी उठवणार नाही. उद्या नोकरी गेली तर गेली, शिवून खाऊ.

दुपारी फोन वाजला. पहिल्याच घंटेला तिने उचलला, आवाजाने त्याची झोप मोडू नये म्हणून.

"पोरी, मी बसलोय गं," काका म्हणाले.

वहिनीचा जीव भांड्यात पडला. दुसरं कुणी असतं, एखादी लेकुरवाळी, एखादं घाबरट कुणी, तर तिने उठवलंच असतं नवऱ्याला. पण काकाच! काकांकडे स्टूल होतं. काकांना सवय होती. काकांना ती नंतर सांगू शकली असती, काका, झोपले होते हो, माझंच मन झालं नाही, आणि काकांनीच तिला शाबासकी दिली असती. घरचंच माणूस ते. अर्धा तास तर अर्धा तास.

"बसा निवांत," ती हळू आवाजात म्हणाली. "ते निघालेत, येतीलच."

"सावकाश येऊ दे. आज आत फार उकडतंय गं."

"पंखा गेला असेल. सांगते त्यांना."

"जेवला का तो?"

"जेवले," वहिनी म्हणाली. हेही खोटंच.

मग ती पलंगाच्या कडेला येऊन बसली. मिस्त्रीने कूस बदलली, काहीतरी पुटपुटला, आणि परत घोरायला लागला. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. कितीतरी महिन्यांनी तिला लग्नातला तो पोरगा दिसला. आता उठवते, ती म्हणाली मनात. मग म्हणाली, आणखी थोडं. अडचण असती तर काकांनी परत फोन केला असता. पण काका परत फोन करणारे नव्हतेच. मिस्त्री निघालाय म्हटल्यावर ते कशाला करतील? वहिनीने सांगितलं होतं ना.

पुढचा फोन इमारतीच्या वॉचमनचा होता. तो इतका मोठ्याने ओरडत होता की मिस्त्री आपोआप जागा झाला.

मिस्त्री अनवाणीच धावला. चाक फिरवून लिफ्ट खाली घेतली, दार उघडलं, तर काका स्टूलाच्या शेजारी आडवे पडले होते, हात छातीवर. डॉक्टर म्हणाले हृदयविकाराचा झटका, वय झालेलं, कुठेही येऊ शकला असता. वेळेवर बाहेर काढलं असतं तर वाचले असते का, हे कुणी विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही आपण होऊन सांगितलं नाही.

संध्याकाळी मिस्त्री घरी आला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. सांगताना रडली, कपाळ बडवून घेतलं. मिस्त्री ऐकत राहिला. तिला वाटलं, आता हात उगारेल. उगारला असता तर बरं वाटलं असतं तिला.

"लिफ्टमधला पंखा चालू होता," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला उठवायचं ना गं."

बस्स, एवढंच. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः घरी आले. पहिल्यांदाच आले होते. काकांच्या मोबाइलवरून मिस्त्रीच्या घरी फोन गेल्याचं वॉचमनने पाहिलं होतं. "फोन कुणी घेतला?" साहेबांनी विचारलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे झाली, तोंड उघडलं, पण मिस्त्रीने तिला बोलू दिलं नाही.

"मी घेतला साहेब. निघतो म्हणालो, आणि परत डोळा लागला माझा."

साहेब बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मनात हिशोब चालला असणार. चौकशी झाली तर मिस्त्रीची झोप निघेल, पण झिजलेलं लॉकही निघेल, आणि दोन माणसांचं काम एकाकडून कोण करून घेत होतं तेही निघेल. मग त्यांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. झालं ते झालं. कुणी विचारलं तर सांगायचं, फोन येताच निघालो होतो, वाटेत गर्दीत अडकलो. बाकी मी सांभाळून घेतो. माझा माणूस आहेस तू."

सांभाळून घेतो म्हणे! स्वतःची कातडी वाचवायची आणि वर उपकार चढवायचे, याला काय म्हणावं? पण मिस्त्रीने हात जोडले. खाली वाकला जवळजवळ. वहिनीने तिकडे पाहिलं नाही, तिला बघवेना. त्याच आठवड्यात काकांच्या लिफ्टला नवं कोरं लॉक आलं, आणि ते बसवायला साहेबांनी मिस्त्रीलाच पाठवलं.

त्यानंतर घरात साहेबांना कुणी मधाचं बोट म्हटलं नाही. वहिनीने एकदा म्हणून पाहिलं, जेवताना, जुनं काहीतरी परत यावं म्हणून. मिस्त्री म्हणाला, "असं बोलू नकोस. त्यांनी सांभाळून घेतलं आपल्याला." आणि मान खाली घालून जेवत राहिला. साहेबाला शिव्या घालायचं एवढं एक सुख होतं दोघांचं, तेही गेलं.

फोन आता तो वहिनीला घेऊ द्यायचा नाही. घरी असला की स्वतः धावायचा. नसला की तीच घ्यायची, दुसरं कोण होतं? पण 'निघालेत' हा शब्द तिच्या तोंडून निघायचा नाही. "सांगते त्यांना," म्हणायची आणि माणूस बोलत असतानाच गप्प व्हायची.

काकांची लेक आली ती त्यांचं घर आवरून झाल्यावर. मिस्त्रीला त्या दिवशी सुट्टी होती, साहेबांनी स्वतःहून दिलेली. लेक चाळिशीतली, डोळे सुजलेले. हातात पिशवी, पिशवीत एक टेबलावरचं घड्याळ, काकांनी स्वतः जुळवलेलं.

"बाबा फोनवर नेहमी तुमच्याबद्दल बोलायचे," ती वहिनीला म्हणाली. "म्हणायचे, मी अडकलो तरी मला भीती वाटत नाही, माझी एक लेक फोनवर असते. मी इतकी लांब... मला फार बरं वाटायचं हो ते ऐकून. हे घड्याळ तुम्ही ठेवा."

वहिनीने घड्याळ हातात घेतलं. तिचे ओठ हलायला लागले.

"एक विचारू?" लेक म्हणाली. "त्यांना फार वेळ वाट बघावी लागली का?"

आता सांगते, वहिनीने ठरवलं. नोकरी गेली, जग बुडालं, तरी या बाईला सांगते. तिने श्वास घेतला आणि मिस्त्री बोलला.

"फोन येताच निघालो होतो ताई. वाटेत गर्दीत अडकलो."

अगदी सहज बोलला. अडखळला नाही, नजर चुकवली नाही. तेच शब्द, साहेबांनी दिलेले, त्याच क्रमाने. इतक्या वर्षांत या माणसाने 'पार्ट बदलला' असं खोटं सांगून एक स्क्रू कधी बिलात लावला नव्हता. लेकीने मान हलवली. "तुम्ही काय करणार तरी," ती म्हणाली, आणि तिला खरंच थोडं हलकं वाटल्यासारखं दिसलं. उठताना ती मिस्त्रीच्या पाया पडायला वाकली. मिस्त्री दोन पावलं मागे सरला, भिंतीला जाऊन लागला.

ती गेली. मग वहिनी म्हणाली, "तुम्ही का बोललात? मी सांगणार होते तिला. माझं पाप होतं, मला फेडू द्यायचं होतं."

"तू सांगितलं असतंस आणि घरी येऊन रडली असतीस. आणि तिचं काय झालं असतं? ती गेली बिचारी शांत."

"आणि तुम्ही?"

तेवढ्यात फोन वाजला. मिस्त्रीनेच घेतला. साहेब होते. वहिनीला इकडचंच ऐकू येत होतं. "हो साहेब. नाही साहेब, सुट्टी काय, घरीच होतो. तिकडच्याही इमारती? हो, बघतो की. हो, सगळ्या. नाही नाही, जमेल. उपकार आहेत तुमचे."

फोन ठेवून तो खाली बसला आणि बूट चढवायला लागला. वहिनीने पुढे होऊन त्याचा हात धरला.

"अहो, नका जाऊ. आज तरी नका जाऊ. नाही म्हणून सांगा त्यांना. एकदा तरी नाही म्हणा ना."

त्याने तिचा हात सोडवला, हळूच, दुखणार नाही असा. नाडी बांधली. मग तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग शोधला तिने, आशेने शोधला, आणि तो नव्हता.

"आता नाही म्हणायला तोंड राहिलंय का गं मला?"

तो उठला आणि दार ओढून घेऊन गेला. वहिनी घड्याळ पोटाशी धरून तिथेच उभी होती.